चिंचेला बांधलेली नवार

पोलीस भरतीत दुर्गा धावण्यात पास झाली आणि गोळाफेकीत मागं पडली. गोंडपिपरीजवळच्या तिच्या गावात व्यायामशाळा नव्हती. चुलतभाऊ प्रफुल दोनदा भरतीला जाऊन परत आला होता. जवानांच्या कॅम्पात पाहिलेला एक व्यायाम त्याला ठाऊक होता. त्यानं खाटेची नवार चिंचेच्या फांदीला बांधली आणि लोंबत्या टोकांना धरायला बांबूचे तुकडे अडकवले.

"वजनबिजन काई लागत नाई. आपलंच आंग ओढाचं," तो म्हणाला. "पयले उभीच राह्य, जरासं मागं झुक. पाय जितके पुढं सरकवशील तितकं जड जाईल."

सुरुवातीला दुर्गाचे हात थरथरले, तळवे सोलले. प्रफुल हसायचा, पण शिकवलं त्यानं मनापासून. पावसाळा सरेपर्यंत ती जमिनीला जवळजवळ आडवी होऊन स्वतःला छातीपर्यंत ओढू लागली. प्रफुलला ते जमत नव्हतं. गावातली पोरं बघायला यायची.

"प्रफुल भाऊ, आता गुरू कोण?" एकानं विचारलं. सगळे हसले. प्रफुलही हसला, आणि त्यानंतर त्यानं तिला काही सांगणंच बंद केलं.

पुढची भरती तोंडावर आली तेव्हा एका सकाळी तो आपणहून झाडावर चढला. "गाठ ढिली वाटून राह्यली, कसून देतो." खाली उतरून म्हणाला, "आज समोर झुकून कर. सगळ्याइले दाखव."

दुर्गानं बांबू धरले, पाय मागं नेले आणि सगळं अंग पुढं तोलून छाती खाली नेली. नवार सुटली. ती मुरमावर तोंडघशी पडली. समोरचे दात गेले, उजवं मनगट मोडलं. नवार कुठंही फाटली नव्हती. गाठच सुटली होती.

"त्यानं सोडली, माय," ती दवाखान्यात म्हणाली.

गोकुळाबाई लेकीचं तोंड पुसत होती. "चूप राह्य. घरच्या पोराचं नाव काऊन घेतं वो? तुलेच मिरवाचं होतं."

भरती गेली. मनगट वाकडंच जुळलं. लग्नासाठी पाहायला येणारे तिला बोलतं करायचे, दात पाहायचे आणि चहा तसाच ठेवून उठायचे.

दोन वर्षांनी धाकट्या बहिणीनं, रिंकूनं, भरतीचं नाव काढलं. गोकुळाबाईनं तिला प्रफुलकडेच पाठवलं. दुर्गा मागोमाग गेली. चिंचेला नवार पुन्हा बांधलेली होती आणि पोरं जमली होती.

"आधी तू लटक, दादा," ती सगळ्यांसमोर म्हणाली.

"याड लागलं का इले?" प्रफुल म्हणाला, पण नवारीला त्यानं हात लावला नाही. सगळ्यांनी ते पाहिलं.

दुर्गानं बहिणीचा दंड धरला. "घरी चाल."

रिंकूनं हात झटकला. "तुह्यं झालं नाई म्हणून माह्यंबी होऊ देत नाई का?"

रिंकूला काही झालं नाही, ना त्या दिवशी, ना पुढं. दुर्गा मात्र रोज जायची आणि फांदीवरच्या गाठीकडे बघत उभी राहायची.

"आली पाहा याडी," प्रफुल म्हणायचा. पोरं हसायची. हळूहळू रिंकूही हसू लागली.