सुमीची पिल्लं

शेणव्याच्या रंजिताकडे जपानी कुत्र्यांची जोडी आहे, ही बातमी पसरल्यावर तिच्या दारात जी माणसं यायला लागली, ती पाहून माणसांविषयीचं तिचं मत आणखी खाली घसरलं. मुळातही ते फार उंच नव्हतं. जपानमधल्या यामानाशी नावाच्या डोंगराळ भागात एका वृद्धाश्रमात तिने काही वर्षं नोकरी केली होती. म्हातारी माणसं शेवटी कशी वागतात आणि त्यांची मुलं कशी वागतात, हे दोन्ही तिने जवळून पाहिलं होतं.

काई जातीचे कुत्रे तिला तिथेच भेटले. डोंगरात रानडुकराचा माग काढणारी, अंगावर वाघासारखे पट्टे असलेली ही जात जपानातही आता थोडीच उरली आहे. नोकरी संपवून गावी परतताना तिने स्वतः वाढवलेली दोन कुत्री सोबत आणली. मादी सुमी आणि नर तोरा. तोरा म्हणजे जपानीत वाघ. शेणव्यात लोकांना वाटलं, कुत्र्याच्या अंगातला तोरा. तेही खोटं नव्हतं.

सुमीला पिल्लं होऊ द्यायची की नाही, यावर रंजिताने खूप विचार केला. दोघांना मुंबईला नेऊन खुब्याचे एक्स-रे काढले, गुडघे आणि डोळे तपासून घेतले, दोघांच्या घराण्यांत जवळचं नातं नाही याची खात्री केली. तिच्या बापाला, गणूला, हे सगळं बघून हसू यायचं. तुझ्या लग्नात एवढी चौकशी केली असती तर बरं झालं असतं, असं तो एकदा म्हणाला. रंजिताचं लग्न वर्षभरसुद्धा टिकलं नव्हतं.

पिल्लं व्हायच्या आधीच गिऱ्हाइकं हजर झाली. एका बाईने विचारलं, केस गळतात का, आमचा सोफा पांढरा आहे. रंजिताने तिला सोफाच पाळायला सांगितलं. एका पोराला कुत्र्याचे रील टाकायचे होते. कुत्र्याला खायला काय लागतं हे मात्र त्याने विचारलं नाही. बदलापूरचा एक जण म्हणाला, एक जोडी द्या, म्हणजे पुढे वाढवता येईल.

"बहीणभाऊ होतील ते," रंजिता म्हणाली.

"कुत्र्यांना काय कळतंय?"

"कुत्र्यांना नाय कळत. म्हणून तर तुमच्याशी बोलते."

सगळ्यात शेवटी वैशाखऱ्याचा भगीरथशेठ आला. माळशेजच्या रस्त्यावर त्याचं रिसॉर्ट होतं. घाटात खरे धबधबे असताना त्याने सिमेंटचा धबधबा बांधला होता आणि दारात फायबरचा जिराफ उभा केला होता. आपल्याला प्राण्यांची फार आवड आहे, असं सांगून तो खाटेवर ऐसपैस बसला. आधी इमू पाळले होते, म्हणाला. ते कशाने मेले, असं रंजिताने विचारल्यावर त्याला ते आठवेना. मेले एवढं खरं. रंजिताने त्याचा चहा संपू दिला आणि पिल्लू मिळणार नाही असं सांगितलं. नकार ऐकायची सवय नसलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो, ते पाहून तिला बरं वाटलं.

पिल्लं झाली, चार. काईची पिल्लं जन्मतात तेव्हा जवळपास काळीच असतात. पट्टे पुढे हळूहळू उमटतात. दोन पिल्लं नाशिकला, चांगल्या घरी गेली. एक मुरबाडच्या कमळबाईंकडे गेलं. कमळबाई शाळेत शिकवायच्या, रोज पहाटे टेकडी चढायच्या, आणि आपल्या जुन्या कुत्र्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज अजून बदलायचा. तरीही रंजिताने त्यांचं घर जाऊन पाहिलं, कुंपण हलवून पाहिलं, पिल्लू कधी नकोसं झालं तर माझ्याकडेच परत आणायचं असं कबूल करून घेतलं.

चौथं पिल्लू तिच्या धाकट्या भावाने, संदेशने मागितलं. त्याने शहापूरला नवं घर बांधलं होतं, पुढे अंगण होतं. रंजिताने त्याला काहीच विचारलं नाही. भाऊच तो. त्याने पिल्लाचं नाव शेरू ठेवलं, तेही तिने सोडून दिलं.

दिवाळीनंतर कमळबाई घाटात फिरायला गेल्या होत्या. चहासाठी एका रिसॉर्टला थांबल्या आणि तिथून त्यांनी रंजिताला फोटो पाठवला. फायबरच्या जिराफाच्या पायाला साखळीने एक तरुण कुत्रा बांधलेला होता. त्याच्या अंगावर चादरीवर असतात तसे सरळ, पिवळेधमक पट्टे होते. वर फळी लावली होती: जपानी वाघ-कुत्रा, सेल्फी घ्या.

पट्टे खोटे आहेत हे रंजिताला कळलं. कुत्रा कोणाचा आहे हेही कळलं. डोळे सुमीचे होते. तिने संदेशला फोन केला आणि शेरू कसा आहे विचारलं. मजेत आहे, गच्चीवर झोपलाय, असं तो म्हणाला. तिने पुढे काही न विचारता फोन ठेवला आणि पिकअप काढली.

वैशाखऱ्याला पोचली तेव्हा भरदुपार होती. बिनबाह्यांच्या बनियनमधले चारपाच पुरुष कुत्र्याच्या डोक्यावर गॉगल ठेवून फोटो काढत होते. रंजिता त्यांच्यामधून गेली आणि जमिनीवर बसली. शेरू लगेच जवळ आला नाही. मग त्याने तिचा हात हुंगला आणि डोकं खाली घातलं. तिने केस बाजूला करून पाहिलं. प्रत्येक पिवळ्या पट्ट्याखाली कातडी लाल झालेली होती, काही ठिकाणी सोलवटलेली.

भगीरथशेठ बाहेर आला. त्याला लाज वाटली असेल अशी कोणाची कल्पना असेल तर तसं काही झालं नाही. उलट तोच रागावलेला होता. वाघासारखा कुत्रा म्हणून दिला आणि निघाला काळा कोळसा, पाहुण्यांसमोर आपली इज्जत गेली, शेवटी सलूनवाल्याला बोलावून रंगवून घ्यावा लागला, असं त्याने तिला ऐकवलं. पट्टे यायला वेळ लागतो हे सांगण्याच्या लायकीचाही तो तिला वाटला नाही.

"शेठ, हा तुम्हाला दिला कोणी?"

"तुझ्या भावानेच. पाण्याच्या टँकरचं काम पायजे होतं ना त्याला आमच्याकडचं. भेट म्हणून आणला. मी काय चोरला नाय."

फळीवरची अक्षरं रंजिताने पुन्हा वाचली. मग तिने साखळी सोडली.

"ने, ने," भगीरथशेठ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "फसवणूकच होती ती."

ती कुत्र्याला उचलून गाडीकडे निघाली तेव्हा बनियनवाल्यांतला एक मागून धावत आला. जायच्या आधी आमचा एक राहिलाय, असं म्हणाला. रंजिताने त्याच्याकडे पाहिलं, आणि तो फोन खिशात घालून मागे फिरला.

शहापूरच्या डॉक्टरांनी रंग धुऊन काढला, मलम दिलं. कातडी भरायला बरेच दिवस गेले. कोणी हात वर केला की शेरू खाटेखाली जायचा, मग तो हात दोरीवरचे कपडे काढायला का वर केलेला असेना.

संदेश आला तो मिठाईचा खोका घेऊन. काम मिळालं असतं तर घराचंच भलं होतं, शेठ असं करेल हे आपल्याला काय माहीत, एका कुत्र्यापायी सख्ख्या भावाशी अबोला धरतात का, असं बरंच बोलला. रंजिता तांदूळ निवडत होती. त्याचं सगळं संपल्यावर ती बोलली.

"सगळ्यांना मी नको नको ते प्रश्न विचारले रे. तुला एक नाय विचारला."

हे आपलं कौतुक आहे असं त्याला क्षणभर वाटलं. त्याच्या चेहऱ्यावर तसं दिसलंसुद्धा. ते पाहून तिचा राग होता तोही गेला. रागावण्याएवढं तिथे काही नव्हतं.

बापाच्या शब्दाखातर तिने भावाला चहा दिला. शेरू खाटेखालून बाहेर आला नाही. टँकरचं काम भगीरथशेठने दुसऱ्याच कोणाला दिलं होतं, फसवणाऱ्या माणसावर भरवसा कसा ठेवायचा म्हणून. हे संदेशने स्वतःच सांगितलं, आणि त्यातलं हसण्यासारखं काय ते त्याला दिसलं नाही.

पुढच्या खेपेला सुमी माजावर आली तेव्हा रंजिताने तोराला मुरबाडला, कमळबाईंकडे नेऊन ठेवलं. फोन येत राहिले. या वर्षी पिल्लं नाहीत, एवढंच ती सांगायची. का, असं विचारणाऱ्यांना ती पुढचं सांगत नसे.