ठिपका विझल्यावर ऐकलेले

मी एक जुना रेकॉर्डर आहे. मुठीत मावणारा, काळा, एका कोपऱ्याला पोचा पडलेला. मित्रांनो, छत्री, चप्पल, फळा हे माझे भाईबंद आपली कहाणी सांगतात तेव्हा शेवटी दोष बहुधा माणसांच्या पदरात पडतो. माझे तसे नाही. माझी कहाणी सांगताना मलाच मान खाली घालावी लागते. मला मान नाही, हे त्यातल्या त्यात बरे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. लुसाका शहराच्या बाजारात लुयांडोने मला विकत घेतले तेव्हापासून माझे खरे आयुष्य सुरू झाले. ती विद्यापीठात एम.ए. करत होती. विषयाचे नाव इतके लांब की तिची आई ते सांगतानाच दमून जाई : आंतरराष्ट्रीय क्रीडा विकास आणि राजकारण.

"म्हणजे पोरगी खेळाची मास्तरीण होणार का?" शेजारीण विचारी.

"नाही गं. खेळाला बाहेरचे लोक मदत का करतात आणि त्यातून त्यांना काय मिळतं, ते शिकते," आई सांगे.

"एवढं तर मीही सांगितलं असतं, विद्यापीठात न जाता!"

लुयांडो हसे आणि मला पिशवीत टाकून कामाला निघे. वस्त्यावस्त्यांतून फिरून ती खेळणाऱ्या मुलींशी, प्रशिक्षकांशी बोलत असे. आधी एक कागद वाचून दाखवी : तुमचे बोलणे टिपले जाईल, नको वाटले तर केव्हाही थांबवा, तुमची ओळख कुणाला कळणार नाही. मग समोरचा सही करी आणि ती माझे बटण दाबी. माझ्या कपाळावर लाल ठिपका पेटे. मी ऐकतो आहे, हे त्या ठिपक्यावरून सगळ्यांना कळे. मला त्याचा फार अभिमान होता.

पण एक गंमत माझ्या लवकरच लक्षात आली. ठिपका पेटला की माणसांचा आवाज बदले. मघाशी 'चेंडू फाटलाय, पोरींनी काय डोकं आपटायचं?' म्हणणारी बाई एकदम 'खेळामुळे मुलींचं सक्षमीकरण झालं' असे घडाघडा बोलू लागे. लुयांडोने तेच सगळे लिहून काढले. तिचे प्राध्यापक काबासो यांनी ते वाचले आणि वही परत सरकवली.

"सगळेच खूश? प्रबंध लिहितेस की संस्थेचं जाहिरातपत्रक? खरं काहीतरी आण, बाई. नाहीतर हे पास व्हायचं नाही."

त्या बोलण्याने लुयांडोचा चेहरा उतरला. दुसऱ्याच दिवशी ती मुकुयू वस्तीत बा नालुकुई या प्रौढ बाईंकडे गेली. वडीलधाऱ्यांना तिकडे नावाआधी 'बा' लावतात. एका परदेशी संस्थेच्या प्रकल्पात बा नालुकुई मुलींना नेटबॉल शिकवत. मिनीबसमधून उतरताना मी लुयांडोच्या हातून निसटलो आणि दगडावर आपटलो. कोपऱ्याला पोचा पडला, ठिपका कायमचा विझला. ऐकू मात्र येत होते. लुयांडोने तसे बा नालुकुईंना सांगितले, कागद वाचला, सही घेतली. पुन्हा तेच सक्षमीकरण झाले. शेवटी तिने थांबण्याचे बटण दाबले. पोचा पडल्यामुळे ते आत गेलेच नाही. ठिपका नव्हताच, त्यामुळे दोघींना कळले नाही. मी ऐकत राहिलो.

बा नालुकुईंनी उखळ पुढे ओढले आणि शेंगदाणे कुटायला घेतले.

"झालं ना तुझं? आता माणसासारखं बोलूया. अगं, संस्थेचे नवे चेंडू परदेशी पाहुण्यांच्या दिवशी कपाटातून निघतात, पाहुणे गेले की परत कपाटात. मुली कमी पडल्या तर संस्थेवाले पलीकडच्या शाळेतून उसन्या आणतात आणि आमचेच शर्ट घालून फोटोला उभ्या करतात. आम्ही मागितली मुलींना कपडे बदलायला एक खोली. त्यांनी दिला संस्थेच्या नावाचा फलक!"

"मग तुम्ही बोलत का नाही, मावशी?"

"बोलले तर शिट्टी काढून घेतील. आणि माझ्या चौदा पोरींना कोण बघेल? तू मात्र हे कुठं बोलू नकोस हं."

"छे, नाही हो," लुयांडो म्हणाली. तेव्हा ती मनापासूनच म्हणाली होती.

खोलीवर आल्यावर तिने मला सुरू केले आणि उखळाचा आवाज ऐकून ती दचकली. तिने पुसून टाकायच्या बटणावर अंगठा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग काढून घेतला. खरे सांगतो मित्रांनो, मला तेव्हा आनंद झाला. इतके चांगले बोलणे माझ्या पोटात दुसरे नव्हतेच.

लुयांडोने ते सगळे प्रबंधात घातले. नाव बदलून 'ग्रेस' केले. प्राध्यापक खूश झाले.

"परवानगी आहे ना हिची?" त्यांनी विचारले.

"सही आहे, सर."

सही होती. कागद खोटा नव्हता. पण सही कोणत्या बोलण्याची होती, हे ती जाणत होती आणि मीही. ती बोलली नाही. मला तर दुसऱ्याने भरलेलेच बोलता येते.

प्रबंधाला पहिला वर्ग मिळाला. रिवाजाप्रमाणे एक प्रत संस्थेच्या कचेरीत गेली. आता शिकल्यासवरल्या माणसांची चूक पाहा. लुयांडोने नाव बदलले, पण पुढे लिहिले : 'मुकुयूतील पाण्याच्या टाकीजवळच्या मैदानावरील एकमेव महिला प्रशिक्षक.' सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे नाव गेले आणि पत्ता राहिला.

महिन्याभराने बाजारात संघातली एक मुलगी भेटली. तिने लुयांडोला नमस्कारसुद्धा केला नाही.

"ग्रेस कोण हे ओळखायला कचेरीला किती वेळ लागला असेल, ताई? त्यांनी मावशींची शिट्टी काढून नेली, मैदानावरचे नेटबॉलचे खांबही उपटून नेले. आम्ही आता खेळत नाही."

लुयांडोने कचेरीला तीन पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर आले नाही. मग एके दिवशी तिने मला पिशवीत टाकले, माफी मागायला रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून एक कोंबडी घेतली आणि मुकुयू गाठले. बा नालुकुईंच्या दारात तिने गुडघे टेकले आणि तिकडच्या रीतीप्रमाणे आदराने ओंजळीने टाळ्या वाजवल्या. कोंबडीच तेवढी ओरडत होती.

"ऊठ. एवढं शिकलेल्या बाईनं धुळीत बसू नये," बा नालुकुई म्हणाल्या. "हात धू. न्शिमा गरम आहे."

तो मक्याच्या पिठाचा गोळा लुयांडो नुसताच बोटांनी चिवडत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. जेवण झाल्यावर तिने मला दोघींच्या मध्ये ठेवले.

"मावशी, यात तुमचं ते बोलणं अजून आहे. तुमच्या हातानं पुसा."

बा नालुकुईंनी मला उचलले. कुटून कुटून घट्टे पडलेला हात होता तो.

"पुसून काय होणार? ते छापून झालं." त्यांनी मला उलटसुलट पाहिले. "मला एवढंच सांग, तू मला विचारलं का नाहीस? कदाचित मी हो म्हटलं असतं. माझे शब्द होते ते. भांडण माझं होतं. ते मला करू द्यायचं होतंस."

लुयांडो हुंदके देऊन रडू लागली. "मला माफ कराल का?"

"त्याचं उत्तर तुला देईन. याला नाही. हा ऐकतोय का आत्ता?"

"माहीत नाही, मावशी. याचा दिवा गेलाय."

मी ऐकत होतो. लाजेने मला माझेच कान मिटावेसे वाटले, पण तशी सोय कारखान्याने केलेली नाही.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, असे सांगायचा मला अधिकार नाही. इतकेच सांगतो, कुणी विश्वासाने काही सांगितले तर ते त्याचेच असते. घेण्याआधी विचारा, चांगल्या कामासाठी हवे असले तरी विचारा.

लुयांडोने माझे झाकण उघडले आणि दोन्ही बॅटऱ्या काढून बा नालुकुईंच्या हातात दिल्या. त्यापुढे त्या दोघी काय बोलल्या, मला ठाऊक नाही. नंतर लुयांडोनेही कधी सांगितले नाही. माझ्या आयुष्यात न ऐकलेल्या त्या एकाच बोलण्याची मला लाज वाटत नाही.