दोन कळांमधले अंतर

घड्याळजीच्या घरात एकही घड्याळ धड चालत नसे. पुढच्या खोलीच्या भिंतीवर गिऱ्हाइकांची नऊ घड्याळे होती आणि नऊही आपापल्या मरणाची वेळ दाखवत टांगलेली होती. चालते काय ते एकच, काल दुरुस्त झालेले एका कारखानदाराचे मनगटी घड्याळ. आठच्या बातम्यांना त्याने ते लावले आणि तिथेच रेडिओवर ठेवून दिले.

त्याच सुमारास न्हाणीघरात त्याच्या बायकोला रक्ताची पुसट रेघ दिसली. कंबरेतून काहीतरी उठले, पोटाला वेढा घालून आवळत गेले आणि सुटले. भिंत धरून ती बाहेर आली, नवऱ्याला सांगितले. त्याने डोळ्यावरचे भिंगसुद्धा काढले नाही.

याआधी दोनदा ते इस्पितळातून हात हलवत परतले होते. दुसऱ्या खेपेला तिथली एक बाई हसली होती. ते हसू त्याने घरी आणून जपले होते आणि आल्यागेल्यापुढे काढून दाखवत असे. आमच्या हिच्या कळा म्हणजे लांडगा आला रे आला, म्हणे. लग्नाला सहा वर्षे झाली, हिने वेळेवर काय केलेय, असेही म्हणे, आणि ऐकणारे जमिनीकडे बघत.

"या वेळी मी मोजणार," तो म्हणाला. "दोन कळांत पाच मिनिटं उरली की या, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पाच म्हणजे पाच. अंदाजपंचे काही चालायचं नाही."

आणि त्याने रेडिओवरचे ते घड्याळ उचलले.

ती चमकली. रेडिओच्या कर्ण्यात लोहचुंबक असतो, त्यावर घड्याळ ठेवले की ते बिथरून पळत सुटते, हे त्यानेच तिला शिकवले होते. तिच्या हातून एकदा ती चूक झाली तेव्हा तो चार दिवस तिच्याशी बोलला नव्हता. पण खात्री नव्हती, म्हणून ती गप्प बसली.

खात्री समोरच्या शाळेने करून दिली. तिथे दर चाळीस मिनिटांनी घंटा होई. त्या घरातल्या बारा वर्षांत ती घंटा त्याच्या कानांना भिंतीसारखी झाली होती. तिच्या मात्र नाही. एका घंटेपासून दुसऱ्या घंटेपर्यंत त्याच्या घड्याळाचा मोठा काटा पुरता फेरा मारून आला. चाळीसचे साठ. म्हणजे तो कागदावर नऊ लिहीत होता, तेव्हा दोन कळांत सहाच मिनिटांचे अंतर होते.

एक वाक्य पुरले असते. ते तिने जिभेखाली धरून ठेवले. सहा वर्षांत पहिल्यांदाच वेळ त्याच्यापेक्षा तिला अधिक कळत होती, आणि त्या जाणिवेला अशी काही थंड गोडी होती की कळ ओसरली तरी ती ओसरत नव्हती.

साडेसात, त्याने लिहिले. तिने मनात पाच केले. निघायची वेळ झाली होती.

"अहो, निघूया का?"

"टॅक्सीवाल्यालाही हसवायचंय का आता?" तबकडीवरून नजर न काढता तो म्हणाला.

त्याने एकदा, फक्त एकदा मान वर केली असती, तर तिने सांगून टाकले असते. ओठ फुटले होते, घाम गळ्यापर्यंत उतरला होता. वाचायला एवढे पुरे होते. तो काटा वाचत राहिला.

मग पाणमोट फुटली. फरशीवरून पाणी त्याच्या स्टुलाखाली गेले, आणि तो पहिल्यांदा उठला तो घड्याळ छातीशी धरून. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंना घेऊन तो वर आला तेव्हा मूल अर्धे जगात आले होते.

मुलगी झाली. निळी. रडेना. नर्सबाई तिला उलटी धरून पाठ चोळत होत्या आणि आई जमिनीवर पडल्या पडल्या मनात आकडे मोजत होती. घंटा नव्हती, काटा नव्हता, आणि जिभेखालचे ते वाक्य आता दगडाएवढे झाले होते. चाळीसच्या पुढे कधीतरी एक चिरका, रागीट आवाज फुटला.

"जन्मवेळ सांगा, लिहून ठेवते," नर्सबाई म्हणाल्या.

"बरोबर दोन," तो म्हणाला.

समोर लांबलचक घंटा झाली आणि शेकडो पोरांचा कल्ला रस्त्यावर सांडला.

"दोन कसे? ही तर बाराची मधली सुट्टी." नर्सबाईंनी पेन्सिल थांबवली. "घड्याळजी ना हो तुम्ही?"

त्याने घड्याळाकडे पाहिले. मग रेडिओकडे. मग, त्या दिवसात पहिल्यांदाच, बायकोच्या चेहऱ्याकडे.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला. त्यात प्रश्न नव्हता.

पोरीचे ओठ अजून पुरते लाल झाले नव्हते. त्यांच्यावरची नजर तिने हलवली नाही.

"पाच म्हणजे पाच, म्हणाला होतात ना."