देवीला कळवायचं राहिलं

केशोरीची जुनी दगडी देवी सरकारने नागपूरच्या अजबखान्यात नेली, तरी गाव रिकाम्या ओट्याला कुंकू लावतच होतं. धुरपताबाईचा पोरगा खेमराज तापाने फणफणला तेव्हा तिने त्याच ओट्यापुढे कोंबड्याचा नवस बोलला. पोरगा गेला. कोंबडा राहिला.

"आता खाऊन टाका," गाव म्हणालं.

"देवी तिथं होतीच कुठं? तिले ऐकूच गेलं नसन," धुरपताबाई म्हणाली. "पहिले तिले सांगू."

बाई धड जेवत नव्हती, रडतही नव्हती. सांगून झालं की दोन घास खाईल, एवढ्या आशेवर नवरा, उदाराम, कोंबडा पिशवीत घालून निघाला.

गोंदियाला टीसीने पिशवीत डोकावून कोंबड्याचं तिकीट मागितलं.

"देवी सरकारात हाय जी. हा तिच्या कामानं जाऊन राहिला."

"सरकारी आदमी है? तो पास दिखाओ!" टीसी हसत पुढे गेला.

अजबखान्याच्या दारात पहारेकरी चुन्नीलालने हात आडवा केला. "मुर्गा अंदर नहीं जाएगा."

"मंग देवीले बाहेर आना."

शेवटी कोंबडा छत्र्या-पिशव्या ठेवायच्या खिडकीत जमा झाला आणि त्याला पितळी बिल्ला मिळाला.

आत राजेलोकांच्या तसबिरी, पेंढा भरलेला वाघ, आणि काचेमागे देवी. शेंदूर धुऊन काढलेला; ओळखायला वेळ लागला. धुरपताबाईने काचेला कपाळ टेकलं.

"खेमराज गेला, माय. तुले ठाऊक नसन म्हनून सांगाले आलो."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तिचा दोष नाई." देवीच्या सगळ्यात जवळचा माणूस म्हणून कोंबडा चुन्नीलालला दिला. मग तिने चक्क दोन भजी खाल्ली. उदारामचा जीव भांड्यात पडला.

गाडी संध्याकाळची. ऊन टाळायला दोघं एका जुन्या दगडी गिरजाघरात शिरली. आत एक बाई मेलेल्या लेकाला मांडीवर घेऊन बसली होती, संगमरवराची.

"हिचाबी गेला का जी?" धुरपताबाईने झाडणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं.

"गेला. पण तिसऱ्या दिवशी उठला," म्हातारा झाडू न थांबवता म्हणाला.

खेमराज सकाळी गेला आणि रीतीप्रमाणे दिवस मावळायच्या आत मातीत ठेवला होता. घाई उदारामनेच केली होती. धुरपताबाई त्या मूर्तीपुढे खाली बसली.

"आपन तीन दिवस काऊन नाई थांबलो?"

"ते देवाचं लेकरू होतं, धुरपते."

"अन् आपलं?"

उदारामने तिला उठवायला हात पुढे केला. तो तिने धरला नाही.