गरम होत होता म्हणून

फाट्!

नाही, आवाजापासून सुरुवात करून चालणार नाही. त्याआधी धाकटा काय म्हणाला ते सांगायला हवं. तो म्हणाला, "हात घाल बिनधास्त, ताई. मघाशीच बंद केलंय."

ताई ट्रान्सफॉर्मरला तार गुंडाळायचं, वाइंडिंगचं काम करायची. धाकट्याला हौशी रेडिओचं वेड, म्हणून त्याला काचेच्या व्हॉल्व्ह-नळ्यांचा ॲम्प्लिफायर तिनेच बांधून दिला होता, बेताच्या ताकदीचा. पण धाकट्या साहेबांना स्पर्धेत सगळ्यांच्या डोक्यावर बसायचं होतं. त्यांनी परस्पर दीडपट व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर बसवला. नळ्या लालबुंद व्हायला लागल्या तेव्हा ताईची आठवण झाली. वारा लागावा म्हणून झाकण आठवडाभर काढूनच ठेवलेलं.

कुणी बंद म्हटलं म्हणून ताई आत हात घालत नाही. आधी काठी. टोकाला तांब्याचा आकडा, आकड्याला अर्थिंगची वायर. तिने ती कपॅसिटरला टेकवली.

फाट्.

आकड्याचं टोक वितळलं. बंद केल्यावर कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरवणारा रेझिस्टर जागेवर नव्हताच. होती फक्त दोन कापलेली टोकं.

कुठे गेला, तिने विचारलं. धाकटा म्हणाला, नव्या व्होल्टेजवर फार गरम होत होता, वास यायचा. आवाज वाढवायला त्याचा काडीचा उपयोग नाही, नुसता बसून खायचा. काढून टाकला.

"आणि तू काठी लावतेसच की."

म्हणजे तिची सवय त्याने हिशेबात धरली होती. ताईच्या कानशिलांत आग पेटली. ती बोलणार, तेवढ्यात दारातून भावजय म्हणाली, "काल मी याला आतून फडकं मारलं. कडेकडेनं."



धाकटा हसला. "बघ, काही झालं का तिला?"

ताईने दोन्ही नळ्या उपटल्या, पदरात घेतल्या. भाजत होत्या, भाजू देत. मग पक्कड घेऊन त्याच्या त्या लाडक्या ट्रान्सफॉर्मरच्या वायरी मुळापासून कापल्या. कापताना काय काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. त्यात आईबापही आले, आणि ते तर दोघांचे एकच.

तो मागेमागे फिरत होता. ताई, संध्याकाळी स्पर्धा आहे. ताई, लोक वाट बघतायत. मी बोलू कसा?

"खिडकी उघड," ती म्हणाली, "आणि बोंब मार."

भावजयीने खिडकी उघडून दिली.