स्विच खाली होता

"वर केला की वाघ, खाली केला की गाय!" डॅशबोर्डखालच्या नव्या स्विचवर बोट ठेवून नंदकिशोर पेडणेकर हसला. "पंढरीभाऊ, मस्कतला असतात ना, तर गोऱ्यांनी तुम्हाला सोडलं नसतं."

पंढरी मढवीने चिंधीला हात पुसले आणि बॉनेट खाली घेतलं. "सायब, तारीफ मंग करा. आदी चालवून बगू."

शहाण्णव सालच्या डिसेंबरातली रविवारची सकाळ होती. नेरुळच्या त्या सोसायटीत ही लाल जपानी गाडी पार्किंगमध्ये उभी असली की येणारा-जाणारा एकदा तरी वाकून आत बघायचाच. मस्कतची अकरा वर्षांची नोकरी संपवून येताना नंदकिशोरने ती थेट जपानहून, उजव्या स्टिअरिंगची, बोटीने मागवली होती. तिच्या इंजिनाला टर्बो होता. धुराच्या जोरावर एक चाक फिरायचं आणि इंजिनात जादा हवा कोंबायचं. हवेचा दाब ठरलेल्या मापापुढे गेला की एक झडप उघडायची आणि चाकाचा जोर कमी व्हायचा. दाब किती झाला हे त्या झडपेला कळायचं एका बारीक रबरी पाइपातून. पंढरीने त्या पाइपातच मध्ये एक व्हॉल्व्ह बसवला होता. स्विच वर केला की थोडी हवा तिथून निसटायची, झडप फसायची, उशिरा उघडायची आणि गाडी उधळायची. स्विच खाली केला की गळती बंद, गाडी पहिल्यासारखी.

पंढरी शेजारच्या शिरवणे गावचा. घरची भातशेती नव्या शहरात गेली तेव्हा त्याचा बाप ओट्यावर नुसता बसून राहिला. पंढरी आयटीआयला गेला. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत तो बावीस वर्षं इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होता. दाबाचे काटे तपासायचे, व्हॉल्व्ह उघडून साफ करायचे, परत लावायचे. त्याच्या कामाकडे कधी कोणाचं लक्ष गेलं नाही, आणि लक्ष न जाणं हेच ते काम चोख असल्याचं लक्षण होतं. सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचा प्रेशर स्विच दुरुस्त करायला तो आला, तेव्हा नंदकिशोरशी ओळख झाली. गाडीसाठी काहीतरी करून द्या, असा लकडा नंदकिशोरने लावला तेव्हा तो आधी नको म्हणाला. मग तीन आठवडे कंपनीतल्या जेवणाच्या सुट्टीत कागदावर रेघोट्या मारत बसला. व्हॉल्व्ह तळोज्याच्या भंगारवाल्याकडे सापडला.

महामार्गावर नंदकिशोरने स्विच वर केला. दाबाच्या काट्याने नेहमीची सात पौंडांची खूण ओलांडली, अकरावर गेला, आणि पंढरीचं डोकं मागे सीटवर आदळलं. समोरचा ट्रक अंगावर आल्यासारखा मोठा झाला आणि क्षणात बाजूला सरकून मागे गेला.

"बंद करा, सायब, बंद करा!" पंढरी ओरडला.  मग खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "आजून येकदा करा."

परत आल्यावर नंदकिशोरची बायको नंदिनी खाली आली. गाडी जास्त करून तीच चालवायची. नंदकिशोर अजून कामानिमित्त महिन्यातले दहा दिवस बाहेर असे. "भाऊ, मला ते वाघबिघ नको हं. मी चालवताना नेहमीसारखीच राहील ना?"

"वैनी, खाली ठेवला का काय बी होनार नाय," पंढरीने तिला स्विच चार वेळा वर-खाली करून दाखवला. "वायर तुटली, बॅटरी गेली, तरी गाडी साद्यावरच येनार. तसंच बनवलंय."

नंदकिशोरची आई दुर्गाबाई हिने पंढरीला पोहे खाऊ घातले आणि दोनदा वाढले. "काय केलंत ते मला कळलं नाही, पण हा आज पोरासारखा हसतोय," ती म्हणाली.

सव्वा महिन्याने एका गुरुवारी पंढरी पहिल्या पाळीहून घरी आला, तर बायजा दारातच उभी होती. त्याची बायको सहसा दारात वाट बघत उभी राहणाऱ्यांतली नव्हती.

"पेडनेकरांची म्हातारी गेली," ती म्हणाली. "गारीला आक्शिडन झाला. सून चालवत व्हती. ती दवाखान्यान हाय."

पंढरीने सायकल भिंतीला टेकवली. ती घसरून पडली. त्याने ती उचलली नाही.

दुर्गाबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे पनवेलला नेताना, खारघरच्या पुढे, नंदिनीने एका टँकरला ओव्हरटेक केलं होतं. गाडी एकदम सुसाट सुटली. तिने ब्रेक मारला, कडेच्या खडीवर गाडी फिरली आणि उभ्या डंपरवर डाव्या बाजूने जाऊन आदळली. डाव्या बाजूला दुर्गाबाई बसल्या होत्या.

दवाखान्यात नंदिनीच्या खांद्याला आणि हाताला प्लास्टर होतं. पलंगाभोवती जमलेले नातेवाईक तिच्यासमोरच बोलत होते. बायकांच्या हातात असली गाडी द्यायचीच कशाला, कोणीतरी म्हणालं. गाडी तपासणाऱ्या साहेबांनी ब्रेक आणि स्टिअरिंग ठीक असल्याचं लिहून दिलं होतं. म्हणजे चूक चालवणारीची. पोलिसांनी तिच्यावर केस घातली होती.

"स्विच वर राहिला असणार हिच्याकडून," नंदकिशोर भिंतीकडे बघत पंढरीला म्हणाला. आईला अग्नी देऊन त्याला दोनच दिवस झाले होते. "शंभरदा सांगितलं होतं."

नंदिनी छताकडे बघत होती. "निघताना मी बघितला होता," ती म्हणाली. "खालीच होता. म्हणजे... असावा. आता मला काही आठवत नाही, भाऊ. बहुतेक मीच..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

पंढरी जिना उतरताना कठडा धरून उतरला. वैनींचीच चूक असावी, असं त्याला क्षणभर वाटलं. नुसतं वाटलं नाही, बरं वाटलं. ते ध्यानात आल्यावर तो पायरीवरच बसला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो पोलीस ठाण्याच्या आवारात गेला. गाडी लिंबाच्या झाडाखाली पडली होती. डावी बाजू पत्र्याच्या बोळ्यासारखी झाली होती. ओळखीच्या हवालदाराला विचारून त्याने उजवं दार ओढून उघडलं आणि डॅशबोर्डखाली हात घातला.

स्विच खाली होता.

त्याने पुन्हा चाचपून पाहिलं, मग डोळ्यांनी पाहिलं. खाली. मग त्याने वाकलेलं बॉनेट पहारीने उचकटलं आणि आत डोकं घातलं. व्हॉल्व्ह जागेवर होता, वायरी जागेवर होत्या. फक्त झडपेकडे जाणारा रबरी पाइप नळीवरून निघून लोंबत होता. धक्क्याने ओढला गेला असता तर फाटला असता. तो फाटला नव्हता. गरमीने त्याचं तोंड सैल पडलं होतं, आणि ज्या नळीवर तो बसायला हवा होता तिच्यावर तेलकट धुळीचा थर भाजून कडक झाला होता. पाइप त्या दिवशी निघाला नव्हता. आधीच कधीतरी निघाला होता.

पाइपाच्या तोंडाशी तांब्याच्या तारेचे दोन वेढे होते.

पंढरीला तो रविवार आठवला. पाइप आवळायला क्लिपा चार लागत होत्या, खिशात तीन निघाल्या. चौथ्या जागी त्याने तार पिळली होती आणि मनात म्हणाला होता, पुढच्या रविवारी बदलू. पुढच्या रविवारी पुतणीचा साखरपुडा होता. त्याच्या पुढचे रविवार नुसतेच गेले. कंपनीत असं कोणी केलं असतं तर पंढरीने त्याला प्लांटमध्ये पाऊल टाकू दिलं नसतं. पाइप निघाला म्हणजे झडपेला दाबाचा पत्ताच नाही. झडप उघडणारच नाही. मग स्विच वर असो की खाली, टर्बो हवा कोंबत राहणार. शहरातल्या हळू चालण्यात ते कळलं नसतं. टँकरला मागे टाकायला पाय जोरात दाबला, तेव्हाच कळणार.

 हवालदाराने विचारलं, "काय मढवी, सापडलं काय?"  पंढरी पहार हातात घेऊन झाडाखाली बराच वेळ उभा राहिला.

घरी त्याने बायजाला सगळं सांगितलं. ती चुलीपुढून उठून त्याच्यासमोर येऊन बसली.

"कोनाला दिसनार हाय का ते?"

"कोनाला बी नाय. दिसलं तरी कलनार नाय."

"मंग?" ती म्हणाली, आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तिचं नाव कायमचं खराब व्हईल ना?"

"व्हईल."

"मंग जा."

पेडणेकरांच्या घरात खुर्चीवर दुर्गाबाईंचा फोटो होता. नंदकिशोरने पंढरीचं बोलणं उभ्यानेच ऐकलं. आधी त्याला कळलं नाही. कळलं तेव्हा त्याने पंढरीची कॉलर धरली, भिंतीवर रेटलं, आणि मग हात आपोआप गळून पडले.

"कोणाला सांगितलंत?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"आजून कोनाला नाय."

"मग नका सांगू. आई परत येणार आहे का? मीच मागे लागलो होतो तुमच्या. लोक म्हणतील, याच्या हौसेने आई गेली. हिची केस मी वकील लावून मिटवतो. काय गरज आहे, पंढरीभाऊ?"

"गरज मला आहे," आतून आवाज आला. सकाळीच दवाखान्यातून घरी आलेली नंदिनी दारात उभी होती, गळ्यात अडकवलेला हात दुसऱ्या हाताने धरून.  "भाऊ, स्विच खाली होता?"

"खाली व्हता, वैनी. मी माज्या हातानं बगितला. तुमची चूक नाय. माजी हाय. मी तार बांदली व्हती."

नंदिनी दाराची चौकट धरून हळूहळू खाली बसली आणि मोठ्याने रडली. दवाखान्यात, सासू गेल्याचं कळलं तेव्हाही, ती अशी रडली नव्हती. नंदकिशोर तिच्याकडे दोन पावलं गेला आणि थांबला. तिच्याजवळ जायचा हक्क आपल्याला राहिलाय का, हे त्याला ठरवता येईना.

जबाब लिहून घ्यायला हवालदाराला दोन तास लागले. शेवटी तो वैतागून म्हणाला, "मढवी, मला यातलं ओ का ठो कळत नाही. चित्र काढून द्या." पंढरीने टेबलावर कागद सरळ केला, पट्टी मागून घेतली आणि कंपनीत काढायचा तसं चित्र काढलं. प्रत्येक भागाला बाण, प्रत्येक बाणापाशी नाव. एका बाणापाशी लिहिलं, 'येथे क्लिप नव्हती.' खाली सही केली.

नंदिनीवरची केस मागे घेतली गेली आणि पंढरीवर उभी राहिली. कंपनीत कळल्यावर त्याला सेफ्टी व्हॉल्व्हच्या कामावरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. साहेबांनी समजावणीच्या सुरात सांगितलं, पंढरीने मान हलवली. त्यांच्या जागी तो असता तर त्यानेही हेच केलं असतं.

वाशीच्या कोर्टात निकाल लागायला दोन वर्षं गेली. गुन्हा कबूल आहे का, असं विचारल्यावर पंढरी म्हणाला, "हाय." न्यायाधीशांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, त्याचं वय पाहिलं, तो स्वतःहून आला होता हे पाहिलं. थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे काय ते पंढरीला समजलं नाही. वकिलाने सांगितलं, "इथेच बसायचं. संध्याकाळी साहेब उठले की सुटलात."

पंढरी शेवटच्या बाकावर बसला. तेव्हा साडेअकरा वाजले होते. दुसऱ्या केसेस पुकारल्या जात होत्या, वकील येत-जात होते. जेवणाच्या सुट्टीत बायजाने आणलेला डबा त्याने उघडला नाही. दुपारी कधीतरी कोणीतरी बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसलं. त्याने पाहिलं, नंदिनी होती. साक्षीसाठी तिला बोलावलं होतं, पण कबुलीनंतर साक्षीची गरज राहिली नव्हती. ती तेव्हाच घरी गेली असेल असं त्याला वाटलं होतं. ती समोर बघत बसली.

पाच वाजून दहा मिनिटांनी न्यायाधीश उठले. सगळे उभे राहिले. पंढरीही उभा राहिला, आणि पुन्हा बसला.

"ओ काका, झालं. सुटलात तुम्ही," शिपाई म्हणाला.

पंढरी उठला नाही. नंदिनीही उठली नाही. शिपायाने दोघांकडे एकदा पाहिलं, मग खिडक्या लावल्या, पुढच्या रांगेतले पंखे एकेक करून बंद केले आणि त्यांच्या डोक्यावरचा तेवढा चालू ठेवला.