चेतनाच्या टेबलावरचा ठोकळा

मी लाकडी ठोकळा बोलतोय. उभ्या ट्रकच्या चाकामागे लावतात ना, त्यातला. सध्या मात्र टेबलावर बसलोय आणि जीव टांगणीला लागलाय.

जन्मानं मी साल वृक्षाच्या लाकडाचा. आधी रेल्वेच्या रुळाखालचा स्लीपर होतो. तो मोडीत निघाला तेव्हा रेल्वेत असलेल्या शालिग्रामजींनी माझा तुकडा तिरपा कापून घेतला. त्यांची पोरगी चेतना गुढ़ियारीच्या ट्रक यार्डात अटेंडंट म्हणून लागली, त्या दिवशी त्यांनी मला तिच्या हातात दिलं. "पोट्टे, गाडी उभी हाय म्हणून उभीच राहील, असं समजू नको," एवढंच म्हणाले.

चेतनानं ते गाठीशी बांधलं. फाटक उघडायचं, नंबर लिहायचा, ट्रक लावून घ्यायचा आणि मग मी. गोदामाकडे उतार आहे, म्हणून माझ्याशिवाय ती हमालांना ट्रकमागे जाऊच देत नसे. शेखर ड्रायव्हर चिडवायचा, "दीदी, ट्रक है, बकरी नहीं, जो भाग जाएगी!" ती हसायची, पण मला लावल्यावरच.

चार वर्षांनी यार्ड इन्चार्जची जागा निघाली. बूढ़ापारा भागातल्या मुख्य ऑफिसात यार्डाच्या मॅनेजर विजया मॅडमनी तिला अकराला मुलाखतीला बोलावलं. त्या सकाळी शेखरचा सिमेंटचा ट्रक उतारावर लागला, चेतनानं मला उचललं आणि तेवढ्यात फोन आला, "साडेदहालाच ये." झालं! पोरीची अशी धांदल उडाली की चाकामागे जायच्या ऐवजी मी डब्याबरोबर तिच्या पिशवीत गेलो.

मी आतून ओरडत होतो. पण लाकडाचं कोण ऐकणार? रिक्षात ती उत्तरं पाठ करत होती आणि मला डोळ्यांपुढे दिसत होती ती पाठीवर पोती घेतलेली हमाल कमला, ट्रकच्या अगदी मागे.

बूढ़ा तालाब नावाच्या तळ्यापाशी सर्टिफिकेट काढायला तिनं पिशवीत हात घातला आणि हाताला मी लागलो. तिनं लगेच शेखरला फोन लावला. शेखर रात्रभर गाडी चालवून झोपलेला, त्यानं फोन उचलला नाही. हमालांचे फोन खुंटीवरच्या सदऱ्यांत. समोर ऑफिसची पाटी दिसत होती.

"भैया, वापस मोड़ो," ती म्हणाली. मग मॅडमना फोन लावला. "मॅडम, मी येऊन नाही राहिली. उतारावरच्या ट्रकले ठोकळा लावाचा राहिला. चूक माझीच हाय."

"बरं," म्हणून फोन बंद झाला.

यार्डात पोचलो तर ट्रक जागचा हललाही नव्हता. मला चाकामागे सारून चेतना तिथंच बसली आणि हमसून रडली. कमला पाणी घेऊन आली, पण काय झालं हे तिला कळेना. मला फार वाईट वाटलं. माझ्यापायी पोरीची जागा गेली होती.

आठवड्यानं मॅडमचा फोन आला. "ती चूक कोणी पाहिलीही नव्हती, तूच सांगितलीस. एक तारखेपासून इन्चार्ज तू."

आता तिला खोली आहे, पंखा आहे, टेबल आहे. तिनं मला कौतुकानं पॉलिश केलं आणि कागदांवर ठेवलं. आल्यागेल्याला सांगते, "ह्याच्यामुळंच मी इथं बसून राहिली." ऐकून बरं वाटतं. खोटं कशाला बोलू?

पण खिडकीतून उतार दिसतो. नवा अटेंडंट विशाल चाकामागे अर्धी वीट सारतो, तीही आठवली तर. आत्ताच एक सळयांचा ट्रक लागलाय. विशाल फोनवर हसतोय, वीट भिंतीपाशीच पडलीये आणि कमला मागचा फाळका उघडायला निघालीये. चेतना मान खाली घालून सह्या करतेय.

चेतना, पोरी, वर बघ. कागद उडाले तर गोळा करता येतील. मला उचल.